उद्यां या

"उद्यां या" हे दोन शब्द आपणांपैकीं प्रत्येकानें कोठल्या ना कोठल्या कचेरींत ऐकले असतील. ते रागानें उच्चारलेले नसतात. सांगणाराचा स्वर बहुधा सौम्य असतो आणि त्याची नजर समोरच्या कागदावर असते. आपण "बरें" म्हणून माघारीं वळतों. शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित माणसाला या दोन शब्दांची किंमत एका सकाळीएवढी पडते. तो घरीं येऊन चरफडतो, चहा घेतां घेतां चार माणसांत त्या कचेरीची टवाळी करतो आणि दुसऱ्या दिवशीं कोणाची तरी ओळख काढतो. परंतु माजलगांव तालुक्यांतल्या एका कुटुंबाला हेच दोन शब्द सहा महिन्यांना पडले. असें कां झालें याचा विचार करतां करतां जी गोष्ट माझ्या हातीं लागली, ती आज आपणांस सांगावयाची आहे. ती शहरांतल्या घरांनाहि उपयोगी पडेल असें मला वाटतें.

माजलगांव हें बीड जिल्ह्यांतलें, सिंदफणेच्या कांठचें तालुक्याचें गांव. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यांतलें मोठें धरण गांवाजवळच आहे. त्या पाण्यावर ऊंस होतो, साखर कारखाने चालतात. आणि तरीहि याच जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊंस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. पावसाळ्यांत मुकादमाकडून उचल घेतलेली असते. म्हणून टोळीची गाडी दारीं आली कीं कोयत्याला निघावेंच लागतें. परत येणें होतें तें पाडव्याच्या आगेमागें. सरकारी कामासाठीं गांवांत हजर राहतां येईल असे महिने त्यांच्या वर्षांत मोजकेच असतात, आणि त्यांतलेहि पेरणी-खुरपणीचे दिवस वजा करावे लागतात.

अशाच एका कोयत्याची ही हकीकत आहे. त्यांचीं नांवें मी सांगणार नाहीं, कचेरी कोणती हेंहि सांगणार नाहीं. कारण ही कांहीं एकाच कचेरीची गोष्ट नव्हे. घरांतला म्हातारा वारला. त्याच्या नांवावर थोडी जमीन होती. मुलाला वारसाची नोंद करून घ्यावयाची होती. काम तसें सरळ. तलाठ्यानें, ज्यास हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार लिहावयाचा. संबंधितांना नोटीस द्यावयाची. पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाहीं तर मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावयाची. परंतु म्हाताऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्याच्या बापाचें नांव, समजा, 'कोंडिबा' असें होतें, आणि सातबाऱ्यावर होतें 'कुंडिबा'. कारकुनानें दोन्ही कागद शेजारीं ठेवून पाहिले आणि तो म्हणाला, "हीं दोन निराळीं माणसें दिसतात. पुरावा घेऊन उद्यां या."

दुसऱ्या दिवशीं नवराबायको गेलीं, तों कारकून पंचनाम्यासाठीं बाहेर. तिसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. चवथ्या खेपेला सांगण्यांत आलें कीं मयताचा शाळा सोडल्याचा दाखला आणा. म्हाताऱ्यानें शाळेचें तोंडहि पाहिलेलें नव्हतें. पांचव्या खेपेला प्रतिज्ञापत्र करून आणण्यास सांगितलें, आणि तें तयार होण्यापूर्वींच टोळीची गाडी आली. एस्. टी.चें अर्धें भाडें २०२३ पासून स्त्रियांना माफ आहे खरें. पण प्रत्येक खेपेला दोघांचाहि रोज बुडाला, तो भरून देणारी योजना अद्याप कोणीं काढलेली नाहीं.

सहा महिन्यांनीं तीं दोघें परत आलीं. कचेरींत आतां दुसरा कारकून होता. त्यानें अगदीं वाजवी प्रश्न विचारला, "तुम्हीं अर्ज कोणत्या तारखेला दिला होता?" आणि या प्रश्नाला त्यांच्यापाशीं उत्तर नव्हतें. पांच खेपा घातल्या, पण एकाहि खेपेला त्यांचा कागद कोणीं ठेवून घेतला नव्हता. आवक नोंदवहींत त्यांच्या नांवाची ओळ नव्हती. कचेरीच्या दृष्टीनें तीं माणसें त्या दिवशीं प्रथमच येत होतीं.

श्रोतेहो, येथें मी क्षणभर थांबतों, कारण माझ्या म्हणण्याचें सारें मर्म या ठिकाणीं आहे. सरकारी विलंबाविषयीं आपण बोलतों तेव्हां आपल्या डोळ्यांपुढें लाल फितींत बांधलेलीं, वर्षानुवर्षें धूळ खात पडलेलीं प्रकरणें येतात. तीं असतातच. पण प्रकरण पडून राहण्यासाठीं तें आधीं दाखल तरी व्हावें लागतें! माझ्या पाहण्यांत गोरगरिबांचा जास्तींत जास्त काळ जातो तो प्रकरण सुरू होण्यापूर्वीं, दाराशींच. त्या काळाची कोठेंहि नोंद होत नाहीं. "उद्यां या" हा तोंडी हुकूम असतो. त्याला तारीख नसते, सही नसते, आणि म्हणून त्यावर अपीलहि नसतें.

आतां तो कोंडिबाचा कुंडिबा कसा झाला, हें पाहण्यासारखें आहे. मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १८६५ च्या सुमारास पहिल्या सालारजंगानें तेथें जिल्हाबंदी केली. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागीं उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. गांवीं मराठींत किंवा मोडींत लिहिलेलें नांव वरच्या दप्तरांत गेलें कीं उर्दू लिपींत लिहिलें जाई. त्या लिपींत 'वाव' हें एकच अक्षर ओकारालाहि चालतें आणि उकारालाहि चालतें. तेव्हां 'कोंडिबा' असें लिहिलेलें नांव पुढें कोणीं 'कुंडिबा' असें वाचलें, तर त्यांत वाचणाराचा मोठासा दोष नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें; १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला; १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. शेतकरी जागचा हलला नाहीं. त्याच्यावरची कचेरी मात्र दर खेपेला बदलत गेली, आणि दर बदलाबरोबर जुने कागद नव्या लिपींत, नव्या नमुन्यांत उतरवले गेले. १९५४-५५ चें खासरा पाहणीपत्रक तर आजहि आमच्याकडे जमिनीच्या कामांत मागितलें जातें. शेवटीं संगणक आला. त्यानें नवी चूक केली नाहीं. जुनीच चूक सुवाच्य अक्षरांत छापून दिली. २०१८ पासून सातबाऱ्याला अंकीय स्वाक्षरीहि मिळूं लागली, त्यामुळें चुकलेलें नांवहि अधिक अधिकृत दिसूं लागलें.

म्हणजे चूक झाली ती दप्तरांत. आणि ती निस्तरण्याचा भार मात्र ज्याला लिहितांवाचतां येत नाहीं अशा माणसाच्या मुलावर! वास्तविक कायद्याचें म्हणणें असें नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ मध्यें अधिकार अभिलेखांतील लेखनाच्या चुका केव्हांहि दुरुस्त करण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांस दिलेला आहे. 'केव्हांहि' या शब्दाकडे आपण लक्ष द्यावें. तो शब्द घालणाराला ठाऊक होतें कीं दप्तर माणसेंच लिहितात. पण व्यवहारांत काय होतें? कागद आणि माणूस यांचें जुळेनासें झालें कीं कागद खरा आणि माणूस संशयित ठरतो.

हा अनुभव केवळ खेड्यांतला नाहीं. निवृत्तिवेतन घेणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना दरवर्षीं नोव्हेंबर महिन्यांत आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून हें काम अंगठ्याच्या ठशावरहि होतें. पण वयामुळें बोटांच्या रेषा पुसट झाल्या असतील तर यंत्र त्या गृहस्थांना ओळखत नाहीं, आणि ते स्वतः समोर खुर्चींत बसलेले असतांना त्यांच्या हयातीविषयीं शंका उत्पन्न होते. ऊंसतोडणी करणाऱ्यांच्या बोटांची गत याहून वेगळी नाहीं. कोयत्यानें व पाचटानें त्यांच्या रेषा वयापूर्वींच झिजतात. रेशनच्या दुकानांतल्या यंत्रापुढें तीं बोटें पुनःपुन्हां पुसून ठेवणारी बाई मीं पाहिली आहे.

आपण म्हणाल, मग कायदे नाहींत काय? आहेत, आणि चांगले आहेत. शासकीय कर्तव्यें पार पाडतांना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा आपल्या राज्याचा कायदा २००५ चा. तो १ जुलै २००६ पासून अंमलांत आहे. त्यांत म्हटलें आहे कीं कोणत्याहि सरकारी नोकराकडे एखादी नस्ती सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षां अधिक पडून राहतां कामा नये. त्याच वर्षींच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मागण्याचा हक्क आपणांस दिला. पुढें २०१५ सालीं महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा ठरलेल्या मुदतींत मिळाली पाहिजे; उदाहरणार्थ, उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत. न मिळाल्यास खात्यांतच पहिलें व दुसरें अपील, आणि त्यानंतर आयोगाकडे तिसरें. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशेंपासून पांच हजार रुपयांपर्यंत दंड. अर्ज नाकारावयाचा झाला तर कारणें लेखी द्यावयाचीं, आणि अपील कोणाकडे करावयाचें तेंहि सांगावयाचें.

परंतु हे सारे कायदे घड्याळासारखे आहेत, आणि घड्याळाला किल्ली द्यावी लागते. सात दिवस मोजावयाचे ते नस्ती टेबलावर आल्यापासून. सेवा हक्काची मुदत मोजावयाची ती सर्व कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. आतां अर्ज परिपूर्ण झाला कीं नाहीं हें ठरवणार कोण? खिडकीपलीकडचा मनुष्य. त्यानें आज एक कागद मागितला, उद्यां दुसरा मागितला, परवां तिसरा मागितला, तर त्यानें कोठलाहि कायदा मोडला असें दाखवतां येत नाहीं, आणि घड्याळहि सुरू होत नाहीं. मुदत संपूं न देण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ती सुरूच होऊं न देणें. हा उपाय कोणीं बसून योजलेला आहे असें मी म्हणत नाहीं. ती एक संवय झाली आहे, एवढेंच.

कारकुनाची बाजूहि मला सांगितली पाहिजे. एकेका तलाठ्याकडे अनेकदां एकाहून अधिक सज्जांचा भार असतो. अतिवृष्टि झाली कीं पंचनामे त्यानेंच करावयाचे, निवडणूक आली कीं मतदार याद्या त्यानेंच पाहावयाच्या, नवी योजना निघाली कीं लाभार्थ्यांच्या याद्या त्यानेंच तपासावयाच्या. शिवाय चुकीची वारसनोंद झाली तर उद्यां भाऊबंदकीच्या दाव्यांत साक्षीला त्यालाच उभें राहावें लागतें. एक कागद जास्त मागितल्याबद्दल कोणाची चौकशी झाल्याचें मीं ऐकलेलें नाहीं. एक कमी मागितल्याबद्दल झालेली अनेकांनीं ऐकली आहे. अशा स्थितींत सावध मनुष्य "उद्यां या" म्हणतो यांत नवल नाहीं. म्हणून नुसत्या संतापानें हें दुखणें बरें होणारें नाहीं.

तें बरें होऊं शकतें याचे दाखले मात्र आपल्या जवळच आहेत. आमच्या शेजारचा जिल्हा अहमदनगर. २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर. तेथें १९८० नंतरच्या दशकांत अनिलकुमार लखीना या जिल्हाधिकाऱ्यांनीं कचेरीची घडीच बदलली. जुने गठ्ठे सोडवून लावले, कागद हवा तेव्हां सांपडेल अशी व्यवस्था केली, आणि आपल्या कामाचें काय झालें हें लोकांना एका खिडकीवर समजेल असें केलें. त्या वेळीं टेबलावर संगणक नव्हते. होती ती शिस्त, आणि आलेल्या माणसाला उत्तर देणें हेंहि कामच आहे ही समजूत. दुसरा दाखला अगदीं अलीकडचा. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. त्या प्रश्नाच्या वादांत मला येथें शिरावयाचें नाहीं. परंतु त्या निमित्तानें मराठवाड्यांतल्या कचेऱ्यांतले निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद बाहेर निघाले व जाणकारांकडून वाचले गेले. म्हणजे मनांत आणलें तर तें दप्तर उघडतें. मग एका शेतकऱ्याच्या आजाच्या नांवांतला ओकार शोधण्यासाठीं त्याच दप्तरांतली एक ओळ कचेरीनें स्वतः कां पाहूं नये?

तेव्हां माझें मागणें फार मोठें नाहीं. पहिलें असें कीं, जो कोणी खिडकीवर कागद घेऊन येईल त्याचा कागद, पुरा असो वा अपुरा, ठेवून घ्यावा आणि त्याला तारखेची पोच द्यावी. दुसरें, जें कांहीं कमी असेल त्याची यादी एकदांच, त्याच दिवशीं, लेखी द्यावी. त्या यादीबाहेरचा कागद मागाहून मागूं नये. तिसरें, चूक दप्तराची असेल तर ती दुरुस्त करण्याचा पहिला प्रयत्न दप्तरानेंच करावा. या तिन्ही गोष्टींना नवा कायदा लागत नाहीं, नवी इमारत लागत नाहीं. पोचेला एक शिक्का लागतो आणि यादीला अर्धा कागद.

आणि आपल्यासारख्या सुशिक्षितांकडेहि एक मागणें आहे. आपलें काम अडलें कीं आपण ओळख काढतों. ओळखीनें आपलें काम होतें. पण तें रांगेतून उचलून पुढें ठेवलेलें असतें, आणि रांगेंतला शेवटचा मनुष्य आणखी एक दिवस मागें जातो. त्याऐवजीं आपण लेखी अर्ज द्यावा, पोच मागावी, मुदत संपतांच अपील करावें. आपणांस तें लिहितां येतें. रजा काढून एक खेप घालणें आपणांस परवडतें. आपण मागितलेली पोच ही त्या खिडकीला पोच देण्याची संवय लावील, आणि त्या संवयीचा फायदा आपल्यामागून येणाऱ्या, कागद न वाचतां येणाऱ्या माणसाला मिळेल. घरांत काम करणारी बाई, इमारतीवरचा रखवालदार यांचा एखादा अर्ज आपल्या मुलामुलींनीं लिहून द्यावा आणि पोच कशी घ्यावयाची हें त्यांना समजावून सांगावें. शाळेंत निबंध लिहिण्याइतकेंच तें शिक्षण आहे.

या कामाचें मोल किती, हें २०२५ च्या सप्टेंबरांत आम्हीं पाहिलें. मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली, सिंदफणेला पूर आले, उभीं पिकें गेलीं. अशा वेळीं सरकारी मदत येते ती सातबाऱ्यावरच्या नांवाला. ज्या घरीं तें नांव मयताचें असेल, त्या घरच्या शेतांत पाणी शिरतें, पंचनामाहि होतो, पण मदत कोणाच्या खात्यांत घालावयाची हा प्रश्न उरतो. वारसनोंदी घरोघर करून देण्यासाठीं शासनानें त्याच वर्षीं 'जिवंत सातबारा' नांवाची मोहीम काढली, ती याच कारणानें स्वागतार्ह होती. परंतु मोहीम संपल्यावरहि माणसें मरावयाचीं राहत नाहींत. म्हणून मोहिमेंत जें झालें तें रोजच्या कामांत झालें पाहिजे.

माझ्या त्या कोयत्याचें पुढें काय झालें, तें सांगून मी थांबतों. त्या एप्रिलांत आम्हीं एक साधा अर्ज लिहिला. जोडलेल्या कागदांची यादी खालीं घातली, कलम १५५ चा उल्लेख केला आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मागितला. नव्या कारकुनानें तो कुरकुर न करतां दिला. महिन्यानें आणखी एक अर्ज देऊन पहिला अर्ज कोणाच्या टेबलावर आहे तें विचारलें. जुनी नोंद काढून पाहण्यांत आली, नांव दुरुस्त झालें, नोटीस निघाली, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाहीं. दसऱ्यानंतर टोळीची गाडी आली तेव्हां नव्या सातबाऱ्याचा उतारा त्या बाईनें पिशवींत घालून बरोबर नेला. त्याच्याबरोबर ती शिक्क्याची पोचहि होती. आतां तिची गरज नाहीं, असें मीं म्हटलें. ती म्हणाली, "असूं द्या दादा. आम्ही आलों होतों, याचा एवढाच तर कागद आहे."